चाचांच्या गाडीत बोलायचं नाही

परवा पावसात लेकीच्या गाडीत बसले होते. समोरच्या काचेवर बाफ धरायला लागली तशी तिनं एक बटण दाबलं, कुठून तरी फुर्र आवाज आला आणि काच खालून वर साफ होत गेली. तिचं बोलणं तेवढ्यात क्षणभरही थांबलं नाही. ऑफिसातल्या कुणा मुलीची उणीदुणी चालली होती, ती तशीच चालू राहिली. मला जरा वाईटच वाटलं. एवढ्या मोठ्या संकटातून ही पोरगी पार झाली आणि हिला कळलंसुद्धा नाही! हिला एकदा आमच्या घरमालकांच्या गाडीत बसवायला पाहिजे होतं. हिंगोली ते औंढा. भर पावसाळ्यात. तोंड बंद.

घरमालकांना सगळी गल्ली चाचा म्हणायची, म्हणून आम्हीही चाचाच म्हणायचो. हिंगोली जिल्हा होऊन तेव्हा फार दिवस झाले नव्हते. आम्ही नवराबायको त्यांच्या घराच्या मागच्या दोन खोल्यांत भाड्यानं राहायचो. बुद्धपौर्णिमेची खीर आमच्याकडून पुढच्या दारी जायची आणि ईदचा शीरखुर्मा पुढून मागं यायचा. चाचा अंगानं काटकुळे, डोक्यावर पांढरी टोपी, गळ्यात बारा महिने मफलर. बाजारात तयार कपड्यांचं दुकान. पण दुकान हा त्यांचा जोडधंदा म्हणायचा. खरा धंदा हवा.

खोल्या दाखवायला घेऊन गेले तेव्हा नळाबद्दल अक्षर नाही, मोरीबद्दल नाही. खिशातून अगरबत्ती काढली, पेटवली आणि खोलीच्या मध्यात उभे राहिले. धूर सरळ वर गेला, मग वाकडा झाला आणि छताजवळच्या भोकातून बाहेर पडला.

"बघितलं? कशी बराबर निघाली!" चाचा म्हणाले. "हवेलाबी घरी जायचं असतं, बाई. आली तशी जाऊ द्या तिला. अडकवली की माणसाला तकलीफ."

त्या घराला त्यांनी इतकी भोकं पाडून ठेवली होती की पुढच्या घरात मिरचीची फोडणी बसली की मागं आम्ही खोकायचो. आमच्या मालकांनी, म्हणजे नवऱ्यानं, एका थंडीत गुपचूप दोन भोकांत चिंध्या कोंबल्या. दुसऱ्या दिवशी चाचा दारात उभे. नुसते नाकानं वास घेत.

"सर, तुमच्या खोलीत काल रातची हवा हाय अजून," ते म्हणाले. मालकांनी खाली मान घालून चिंध्या काढल्या.

आता त्या वेळची मी. ही बाई मला आज रस्त्यात भेटली असती तर मी फुटपाथ बदलला असता. औंढ्याच्या रस्त्याला एका खेड्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर होते. कडक खळ घातलेली सुती साडी, इतकी कडक की मी बसले तरी साडी उभीच असायची. केसांचा पुढं फुगा. आणि कॉलेजात वक्तृत्वाच्या स्पर्धा जिंकलेल्या, त्यामुळे 'आज पाव किलो शेंगदाणे द्या' हे वाक्यसुद्धा मी किराणा दुकानात हातवारे करून म्हणत असे. आपल्याला जगातलं सगळं कळतं आणि जगाला आपल्याकडून ऐकून घ्यायचं आहे, अशी पक्की खात्री. अशा बाईच्या नशिबात चाचांची गाडी लिहिलेली होती.

चाचा औंढ्याच्या बाजाराला माल घेऊन जायचे. माझी शाळा वाटेत. "एसटीची वाट कशाला बघता बाई, चला," असं म्हणाले आणि मी मोठ्या ऐटीत बसले. गाडी जुनी, पांढरी, कुणाकडून तरी घेतलेली. तिच्यात आतला पंखा होता, पण चाचांचा त्याच्यावर भरवसा नव्हता. "त्यो आतलीच हवा आतल्या आत फिरवतो," ते म्हणायचे, "बाईमाणसाच्या भांडणावानी." हे ते चाचींच्या समोर कधी म्हणायचे नाहीत.

गाडीच्या चारही दारांच्या काचा खालीवर करायची हँडलं चाचांनी काढून टाकली होती. एकच ठेवलं होतं, ते त्यांच्या सदऱ्याच्या खिशात. निघायच्या आधी डॉक्टर पेशंट तपासतो तसे ते एकेका दाराशी जायचे, हँडल बसवायचे आणि काच दोन बोटं उघडायचे. स्वतःजवळची दोन बोटं, आणि तिरक्यात मागची दोन बोटं. "हवा तिरपी चालते," असं त्यांचं शास्त्र. मग हँडल परत खिशात. पाऊस आत येवो, थंडी येवो, तुमचा एक खांदा भिजो, ती दोन बोटं हलायची नाहीत.

काचेवर बाफ धरू नये म्हणून त्यांनी काय काय केलं नव्हतं! अर्धा चिरलेला बटाटा आतून काचेला घासायचे. एका पावसाळ्यात त्याच्यावर माश्या बसायला लागल्या, मग बटाटा गेला आणि तंबाखूची पुरचुंडी आली. तिनं बाफ गेली नाही, पण मला शाळेत पोचेपर्यंत गरगरायचं. मग मिठाची पिशवी. खडं मीठ फडक्यात बांधून समोर ठेवलेलं. ते ओल ओढून घेतं म्हणायचे. घेत असेलही, पण एका वळणावर पिशवी घरंगळली, फुटली, आणि तेव्हा मी अजून पुढं बसायचे, सगळं ओलं मीठ माझ्या मांडीत आलं. त्या दिवशी वर्गात मी हळूच पदर चाटून पाहिला तर साडी खारट लागत होती.

ओली छत्री आत नाही, डिकीत. ओला रुमाल डिकीत. डबा गरम असेल तर डब्यालाही आत जागा नाही. एकदा मी औंढ्याहून येताना गरमागरम भजी घेतली. चाचांनी गाडीत बसू दिलं नाही.

"भजी वर," ते म्हणाले.

"वर म्हणजे?"

"टपावर. गरम चीज हाय. बाफ सोडून राहिली."

भजी टपावरच्या कॅरिअरला सुतळीनं बांधली. घरी आल्यावर सोडली तर पाण्यात भिजलेला कागद आणि आत बेसनाचा चिखल. मालकांनी चमच्यानं खाल्ला, आणि कढी बरी झालीय म्हणाले.

हे सगळं मी सोसलं असतं. पण पाऊस लागला की चाचा एक बोट वर करायचे, आणि गाडीत बोलायची बंदी.

"बाई, तुमी बोलून राहिले, काच धरून राहिली."

"चाचा, मी काही काचेवर बोलत नाहीये."

"सांस तर तुमचीच हाय ना. तुमची सांस लई गरम. मास्तरणीची सांस गरमच असती."

श्वासाची त्यांनी माणसांमाणसांत वाटणी केली होती. आमचे मालक थंड श्वासाचे, त्यांना पुढं बसायला मिळायचं. मी कुकर. कुकरला मागची डावी जागा आणि बोलायचंच असेल तर त्या दोन बोटांच्या फटीकडे तोंड करून. मी वक्तृत्वाची ढाल जिंकलेली बाई, पाठ चाचांकडे आणि तोंड औंढ्याच्या रस्त्याकडे करून बोलायची. एकदा शिक्षकांच्या बदल्यांत कसा अन्याय होतो यावर मी फटीतून तावातावानं बोलत होते, गाडी खड्ड्यांमुळे हळू चाललेली, आणि शेजारून सायकलवर एक म्हातारा. बराच वेळ बरोबरीनं आला. शेवटी म्हणाला, "व्हय बाई, पण मी काय करू त्याला?"

आणि एकदा मी मागून पुढं वाकून पदरानं समोरची काच पुसली. चाचा 'नक्को नक्को' म्हणेस्तोवर पुसली. मला वाटलं, बघा, केवढी तत्पर मी! पदराची खळ ओल्या काचेला लागली आणि काच खरवसासारखी पांढरी झाली. चाचांनी गाडी बाजूला घेतली, उतरले, आणि बराच वेळ शेताकडे बघत उभे राहिले. घरातलं माणूस गेल्यासारखे.

आता चाची. चाची म्हणजे त्यांची बायको. गोल, गोऱ्या, तोंडात पान, आणि बोलणं असं की त्यांच्यापुढं माझीसुद्धा बोलायची पाळी यायची नाही. दुकानात बसल्या तर गिऱ्हाईक शर्ट घ्यायला यायचं आणि घरच्या सगळ्या भानगडी सांगून दोन शर्ट घेऊन जायचं. चाचांनी गाडी घेतली ती चाचींसाठी. लग्नात म्हणे त्यांनी कबूल केलं होतं, एक दिवस तुला स्वतःच्या गाडीतून माहेरी नेईन. माहेर शिरड शहापूर. लेकरंबाळं मोठी झाली, परगावी गेली, तेव्हा कुठं गाडी आली.

पहिल्याच फेरीला पाऊस. चाची नवी साडी नेसून पुढं बसलेल्या, इतक्या वर्षांचं बोलणं जमा झालेलं, आणि चाचांनी बोट वर केलं. "बोलू नको, काच धरून राहिली." दर थोड्या वेळानं तेच. औंढ्याच्या स्टँडपाशी चाची म्हणाल्या, "मेरे कू उतारो." उतरल्या, समोर उभ्या असलेल्या एसटीत चढल्या, आणि खिडकीतून सांगितलं, "ज्या गाडीत माणसापेक्षा काच मोठी, त्या गाडीत मी पाय न्हाई ठेवणार."

तेव्हापासून चाची माहेरी एसटीनं. आणि चाचा काय करायचे? सकाळी उठून गाडी धुवायचे, पुढच्या सीटवर धुतलेला टॉवेल अंथरायचे आणि रिकामी गाडी घेऊन एसटीच्या मागं मागं शिरडपर्यंत जायचे. एसटी थांबली की हे थांबायचे. एसटी निघाली की हे निघायचे. सगळे कंडक्टर ओळखायला लागले होते. "चाची," मागच्या काचेतून बघून म्हणायचे, "तुमची गाडी येऊन राहिली बघा." चाची पान चघळत पुढं बघायच्या. "आने दो. रस्ता सरकारचा हाय."

या गाडीबद्दल दोघं एकमेकांशी अवाक्षर बोलत नसत. बाकी सगळं बोलत, भांडत, हसत. गाडीचं निघालं की चाची उठून आत. चाचा मला एकदा म्हणाले, "बाई, एक डाव बसली ना, एक डाव, तर माझ्या गाडीचं सोनं झालं." एवढंच म्हणाले आणि खडं मीठ फडक्यात बांधायला घेतलं.

माझ्यातला वक्ता जागा झाला. हे भांडण मीच मिटवणार! एका दुपारी मी चाचींना पाऊण तास बाफ कशी धरते यावर व्याख्यान दिलं. आत गरम, बाहेर थंड, मधे काच. पाण्याचा पेला आणून दाखवला. चाचींनी सगळं नीट ऐकलं.

"समजलं," त्या म्हणाल्या. "म्हंजे काच रडती. मग तिला रडू दे की. मला काहून गप करतो?"

मी पेल्यातलं पाणी पिऊन टाकलं.

मग तो दिवस आला. चाचींची एकच बहीण, शिरडची, मुलाकडे हैदराबादला कायमची निघाली होती. दुपारनंतर तिची गाडी. चाचींना तिला भेटायलाच हवं होतं, पुन्हा कधी गाठ पडेल कुणास ठाऊक. आणि सकाळपासून असा पाऊस की समोरचं घर दिसेना. चाची स्टँडवर गेल्या, भिजून परत आल्या. एक एसटी आली ती भरून गेली, दुसरी आलीच नाही. दारात उभ्या राहिल्या आणि आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना गप्प पाहिलं.

चाचा गाडी काढून अंगणात बसलेच होते. बोलवायची हिंमत नव्हती. ती बोलवायची कामगिरी अर्थातच मी घेतली. शाळेला सुट्टी होती. "चाची, मी येते सोबत. मागं माझ्याजवळ बसा. बोलायचंच नाही, म्हणजे प्रश्नच मिटला." वा! काय तोडगा! मी त्याच्यावर इतकी खूश की नवी साडी नेसले.

चाची बसल्या. मागं, माझ्याजवळ. पदर तोंडावर गच्च धरलेला. चाचांनी दारं तपासली, दोन दोन बोटं केली, हँडल खिशात ठेवलं. आरशात बघून गाडी काढली. हिंगोली सुटली. कुणी बोलेना. काच लखलखीत. चाचांच्या मानेवरून मला कळत होतं की माणूस आतून सुखावलाय.

औंढा गेलं, आणि मागून काच धरायला लागली.

चाचांनी आरशात पाहिलं. मी डोळ्यांनीच सांगितलं, मी नाही बोलले. बाफ वाढत गेली, बाजूच्या काचांवर आली, समोर आली. मी शेजारी वळून पाहिलं तर चाची रडत होत्या. आवाज नाही, काही नाही. पदर तोंडात कोंबलेला आणि नुसते हुंदके. एवढं आत कोंडलेलं बाहेर पडत होतं, काच बिचारी काय करणार.

चाचांना रस्ता दिसेना. त्यांनी बाहीनं पुसली, पुन्हा धरली. आणि सवयीनं बोट वर गेलं.

"रडू नको ना, काच..."

एवढंच म्हणाले. चाचींनी दार उघडायला हात घातला. चाचांनी करकचून ब्रेक मारला. बाहेर रस्ता आणि शेत एक झालेलं, झाड नाही, घर नाही, एसटी तर नाहीच. चाचींनी एक पाय खाली ठेवला. तो घोट्यापर्यंत पाण्यात गेला. मी तोंड उघडलं, एक छान वाक्य तयार होतं, पण ते काय होतं ते आता आठवत नाही, कारण ते कुणी ऐकलंच नाही.

चाचा खाली उतरले. मफलर काढून सीटवर टाकला. खिशातून हँडल काढलं, पहिल्या दाराला लावलं आणि काच खाली घेतली. दोन बोटं नाही. पूर्ण. मग दुसरी. मग माझ्याकडची. "चाचा, अहो, माझी साडी," मी म्हणाले. काच पूर्ण खाली. मग चाचींच्या दाराशी आले. त्या अर्ध्या आत, अर्ध्या पाण्यात. टोपीवरून पाणी गळत होतं. त्यांनी ती काचही खाली घेतली आणि म्हणाले,

"अब बोल. जितना बोलना है, बोल. जोरात बोल."

चाचींनी बघितलं. पाय आत घेतला. दार लावलं.

गाडी निघाली. पाऊस डावीकडून आत यायचा, उजवीकडून जायचा, मधे आम्ही. हवा तिरपी चालत होती, खरंच! काच एकदम साफ झाली. समोरची, म्हणजे आतून साफ. बाकी आत तळं साचलं होतं. माझ्या साडीची खळ निघून ती मला आतून बाहेरून चिकटली, केसांचा फुगा नाकावर आला.

चाचींनी भिजलेला पदर पिळला. मग एकदम म्हणाल्या, "माझ्या लग्नात तुमच्या अम्मीनं माझ्या बहिणीला गोश्त वाढलं न्हाई. नुसता रस्सा वाढला."

"हौ," चाचा म्हणाले.

"तुमी बघितलं?"

"बघितलं."

"मग बोलले काहून न्हाई?"

"अम्मी होती."

आणि मग जे सुरू झालं! बहीण आणि त्या लहानपणी चिंचा कशा चोरायच्या, बहिणीचा ताप, बहिणीचं लग्न, चाचांची पहिली दुकानदारी, उधारीवर नेलेला आणि परत न आलेला एक शेरवानीचा जोड, मुलं, सुना, चाचांचं घोरणं. पावसाच्या आवाजावर ओरडून बोलावं लागत होतं, त्यामुळे सगळं शिरडच्या रस्त्याला ऐकू जात असणार. चाचा मधे मधे "हौ" म्हणत. तोंडात पाणी जायचं, थुंकून पुन्हा "हौ". मला मधे एक शब्द घालायला फट मिळाली नाही.

आम्ही पोचलो तेव्हा बहिणीचं सामान भरणं चालू होतं. ती दारातून धावत आली आणि थबकली. आमच्या तिघांच्या अंगावरून धारा लागलेल्या. चाचींच्या पानाचा लाल ओघळ हनुवटीवर.

"या अल्ला! पुलावरून पाण्यात पडलात काय?"

"नै," चाची म्हणाल्या. "गाडीत बैठे थे."

दोघी बहिणी गळ्यात पडल्या. तीही भिजली. मग रडणं, हसणं, पुन्हा रडणं. चाचा ओट्यावर कोपऱ्यात उभे राहून सदरा पिळत होते. कुणीतरी मला कोरडी साडी दिली, फुलाफुलांची, आणि नेसून बाहेर आले तर चाचा म्हणाले, "ही बरी हाय, बाई. ही काच खराब न्हाई करणार."

बहिणीची गाडी गेली. चाची ती वळणाआड होईपर्यंत बघत राहिल्या. मग डोळे पुसले, आमच्या गाडीकडे आल्या, आणि पुढचं दार उघडून बसल्या. चाचा दुसऱ्या बाजूनं येत होते, ते जागच्या जागी थांबले. मग हळूच, आवाज न करता, दार लावून बसले.

पाऊस थांबला होता. ऊन पडलं होतं. रस्ता स्वच्छ दिसत होता. मी मागं एकटी, ओल्या सीटवर, माझ्या शेजारी माझी बोचक्यात बांधलेली साडी. चाचांनी गाडी औंढ्याकडे वळवायला घेतली.

"तिकडून नक्को," चाची म्हणाल्या. "बसमत करून बाळापुराकडून घ्या."

"बाळापूर?" चाचा म्हणाले. "अगं, उलटं हाय ते. सगळा जिल्हा फिरून येणं पडतं. लई लांब पडतं."

"मालूम है," चाची म्हणाल्या आणि पान लावायला घेतलं. "मेरा बोलना अभी बाकी है."

चाचांनी गाडी वळवली. मला कुणी विचारलंच नाही.